कापसाच्या खोलीतला अल्बम

३ मे १९८७
लग्न होऊन देवळीत आले त्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "रडाचं असन त कापसाच्या खोलीत जाजो. बाहेर आयकू येत नाई." मला तशी गरज पडली नाही. हे गेले तेव्हाची गोष्ट वेगळी. आज आठवायचं कारण, सुगत नागपूरहून आला. पूर्ण सुट्टी राहणार. त्याला आईची आठवण येते, दुसरं काय.

४ मे
सोबत दोन मित्र, गिटार, ड्रम, अ‍ॅम्प्लिफायर. त्यांचा हेवी मेटल बँड आहे. नाव 'ब्लॅक कॉटन सॉइल', आपल्या काळ्या मातीचं, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून घेतलं. पहिला अल्बम रेकॉर्ड करायचाय. हॉस्टेलवर लोक दारं ठोकतात. आपल्या कापसाच्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही, हे सुगतला आठवलं. म्हणजे घरच आठवलं.

७ मे
रेकॉर्डिंग सुरू. बाहेर अंगार, आत कापूस छताला टेकलेला. तिघे बाहेर आले तर केस-भुवया पांढऱ्या, सत्तरीचे म्हातारे. अंगभर खाज. ड्रमवाला हरिदास म्हणाला, "काकू, खाजेनं स्पीड वाढून राह्यला." मला हे संगीत मुळीच कळत नाही. दाराला पाठ लावून बसते, ते कोणी मध्ये येऊ नये म्हणून. येतं कोण, ते सोडा. पाठीला धडधड लागते. बरं वाटतं.

११ मे
भैयाजी आले. शेती तेच पाहतात, सख्ख्या दिरासारखं बोलतात. "वहिनी, कापूस कवा मोजाचा? सरकारी खरेदी बंद होऊन राह्यली." भाव वाढणार आहे, असं मी सांगितलं. म्हणाले, "सरकारी भाव तो. आंबा हाय का, आढीत ठेवला म्हून पिकन?" त्यांना धंद्यातलं कळत नाही.

१६ मे
चहा घेऊन दार उघडलं तर गाणं चालू. सुगत गात होता, म्हणजे ओरडत. मी म्हणाले, "साखर कमी पडली रे." ते टेपवर आलं. तिघे कापसात लोळून हसले. सुगत म्हणाला, राहू दे, आईले अल्बममध्ये घेतलं. मी नको नको म्हटलं.
संध्याकाळी शेजारच्या शकुबाईला सहज सांगितलं, मी कॅसेटमध्ये आहे. "भजनाची का?" हो म्हटलं.

१९ मे
अल्बम झाला. सुट्टी बरीच उरली आहे, पण तिघे दुपारच्या बसने गेले. मिक्सिंग म्हणून काही असतं. चार दिवसांत येतील.

१५ जून
मिक्सिंगला वेळ लागतो.

२८ जून
खरेदी बंद झाली. भैयाजी बोलत नाहीत. मी पुढचा विचार केला आहे. दुसऱ्या अल्बमला खोली लागेलच.

२ ऑगस्ट
कौलं गळली. कापूस पिवळा पडला, उंदीर झाले. भैयाजींनी मिळेल त्या भावाने गाडीत भरून नेला. मला काही वाटलं नाही.

२३ ऑगस्ट
सुगत सकाळी आला, दुपारी गेला. कॅसेट दिली. काळं कव्हर, छान आहे. इथलं रेकॉर्डिंग घेतलं नाही. कापसात आवाज मरतो म्हणाला, गादीखाली दाबल्यासारखा येतो. हरिदासच्या मामाच्या सिमेंटच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये सगळं पुन्हा केलं. तिथे घुमतो.
माझं साखरेचं विचारलं. "आई, तीच कॅसेट पुसून वापरली ना." बरोबर आहे. उगीच नवी कशाला.
दोन्ही बाजू ऐकल्या. साखरेच्या जागी ड्रम आहे.

२४ ऑगस्ट
सहज त्या खोलीत गेले होते. बाहेर आले तर शकुबाई कुंपणाशी. "काऊन वो बाई, का झालं? आमच्या चुलीपर्यंत आयकू आलं."
गात होते, म्हटलं.
म्हणजे खोली आता घुमते. गोडाऊनसारखीच. यंदाचा कापूस भैयाजींच्या घरी भरायला सांगणार आहे. ही रिकामीच ठेवीन. मला तिची तशीही गरज नसते.
उद्या पोस्टातून हॉस्टेलला ट्रंक कॉल लावीन. सुगत म्हणेल, आई, आमचं तिकडं जमलं आता. घाईतच म्हणेल. तरी विचारते. दिवाळीत येऊन एक गाणं इथे करशील का रे? एकच. साखर मी आधीच बघून घालीन, मध्ये बोलणार नाही.