दोनशे चौदा दगडांची घुमटी

ता. ३ मार्च १९२६, बुधवार

भोरहून पहाटे निघालो, दुपारी पोचलो. सगळं पायी. कचेरीच्या कागदावर 'समाधिमंदिर' असा थाटाचा शब्द आहे. प्रत्यक्षात धनगरवाडीची दगडी घुमटी — आत शिरताना कपाळ आपटलं. पावसाळ्यात नव्या धरणाचं पाणी इथवर चढणार. त्याआधी ही उतरवून वरच्या माळावर जशीच्या तशी उभी करायची. नकाशा माझा, देखरेख माझी. साहेबांनी ही जागा पाहिलेली नाही, पाहणारही नाहीत. काम नीट झालं तर नोकरी कायम, म्हणाले. नाही झालं तर काय, ते म्हणाले नाहीत.

ता. ४ मार्च

चार बाजू मोजल्या. चार वेगळी मापं! पुन्हा मोजल्या. नऊ फूट दोन इंच, नऊ-पाच, आठ-अकरा, नऊ-सात. टेपच बिघडली म्हणून तिसऱ्यांदा मोजल्या. वाडीचे कारभारी सोनबा सकाळपासून शेजारी बसून बघत होते. ऊन कलल्यावर बोलले, "चार भावक्या, चार काठ्या. ज्येनं त्येनं आपल्या काठीनं मापलं."

मग सकाळीच का नाही सांगितलं?

"तुमी इचारलं न्हाई."

ता. ७ मार्च

आतून मोजणी. चुन्याचा थेंब नाही. चारी कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून चौकोनाचे आठ कोन केलेत, त्यांवर दगडांचे वेढे, प्रत्येक वेढा खालच्यापेक्षा थोडा आत, आणि माथ्यावर एकच दगड सगळ्यांना दाबून बसलेला. बाजू वाकड्या, घुमट मात्र गोल. मी जे शिकलो त्या हिशेबानं हे उभं राहायला नको. अडीचशे पावसाळे उभं आहे म्हणतात. कौतुक वाटायच्या आधी रागच आला.

आत, फरशीखाली, मेंढरं घेऊन पहिल्यांदा इथं आलेले चार भाऊ. बाहेर भोवताली त्यांच्या पुढच्या पिढ्या. हे लोक जाळत नाहीत, पुरतात. ठकुबाई म्हणून एक म्हातारी रोज झाडायला येतात. आज टेप धरून मागं सरकलो तर ओरडल्या, "पाय जपून, तितं आमचं मालक हायती." बाजूला झालो तर तिथं त्यांच्या सासूबाई. मोजणी करायची तरी कशी?

ता. ११ मार्च

सोनबांनी विचारलं, "आन् मानसं कवा हलवायची?" माझ्या कागदात माणसांचा उल्लेख नाही. साहेबांना लिहिलं.

ता. १९ मार्च

उत्तर आलं. 'मंजुरी इमारतीपुरती आहे. पुरलेल्यांबाबत तरतूद नाही.' वाचून दाखवलं. सोनबा उठून मेंढरांकडं गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ता. ६ एप्रिल

दोनशे चौदा दगड. प्रत्येकावर गेरूनं आकडा, नकाशात तोच आकडा. चार दिवस लागले. पाठ धरली आहे.

ता. १७ एप्रिल

घुमटी उतरली. एकही दगड फुटला नाही. दोन दिवस भोरला जाऊन येतो.

ता. २० एप्रिल

काय लिहू. परत आलो तर दोनशे चौदाच्या दोनशे चौदा दगड स्वच्छ! एकावरही आकडा नाही. वरून हळद. ठकुबाई घागर खाली ठेवत म्हणाल्या, "नव्या जागी पारोसं कसं न्यायचं? समद्यांस्नी आंगूळ घातली."

ओरडलो. पुष्कळ ओरडलो. वाडी उभी राहून ऐकत होती. संध्याकाळची भाकरी परत पाठवली. नोकरी गेली, धरून चालायचं.

ता. २३ एप्रिल

दगड चढताहेत. मी माळावर छत्रीखाली नकाशा उघडून बसलो. कुणी विचारायला आलं नाही. "ह्यो थोरल्याचा. ह्यो आमचा. त्यो उपडा घाल, व्हय, आसा." प्रत्येक भावकीला आपले दगड ठाऊक. दुपारी नकाशाची गुंडाळी केली आणि त्यांना प्यायला पाणी द्यायला उठलो.

ता. १६ मे

माथ्याचा दगड बसला. मापं घेतली, इंचाला इंच जुळली. मग पुढच्या अंगाला आलो आणि पाहिलं — दार पश्चिमेला! जुन्या जागी पूर्वेला होतं. चार बाजू बरोबर, सगळी घुमटीच उलटी फिरवलेली.

पाडा म्हणालो. गुरुवारी साहेब पाहणीला येणार, नकाशाशी फरक दिसला तर पाडायचा हुकूम आहे. सोनबा म्हणाले, "आमी न्हाई पाडणार." आता पाडली तर पावसाआधी पुन्हा उभी राहत नाही, हे त्यांनाही कळतं, मलाही. एवढा हट्ट कशासाठी?

ठकुबाईंनी मला दारात नेलं. समोर, पश्चिमेला, खोलात घुमटीची जुनी, रिकामी जागा दिसत होती. "मानसं तितंच ऱ्हायली. आता पानी येनार त्येंच्यावर. त्येंच्याकडं पाठ करून बसायचं व्हय, सायब?"

खाली उतरलो.

ता. २० मे, गुरुवार

पहाटे नकाशावरचा उत्तरेचा बाण पात्यानं खरवडला आणि उलटा काढला. दहा वाजता साहेब आले. बाण पाहिला, दार पाहिलं, सही केली. खाली मीही केली.