तळघरातले माहितीपट आणि दारातला निरोप

प्रिय आर्विददादा,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीतूनच). ॲरिझोनाच्या उन्हात तुझी कंबर मोकळी झाली असेल आणि वहिनीचा खोकला पळाला असेल, असं धरून चालते. इथे मिनेसोटात तळं अजून गोठलेलंच आहे. तुझा मेहुणा एल्मर बर्फाला भोक पाडून दिवसभर माशांची वाट बघतो. मासे काही त्याची वाट बघत नाहीत.

दर गुरुवारी मी चर्चच्या तळघरात माहितीपट दाखवते, हे तुला ठाऊक आहेच. माहितीपट म्हटलं की लोकांना एरंडेल आठवतं. पण मला सांग, एक बाई जन्मभर वाम मासे अंडी कुठे घालतात ते शोधते आणि तिला ते सापडतच नाही, असं दाखवायची छाती दुसऱ्या कुठल्या सिनेमात आहे? दुसऱ्या कुणी तिला शेवटी अंडी दिली असती, वर एक देखणा डॉक्टरही दिला असता. इथे ती बिचारी सँडविच खाते आणि पुन्हा होडी ढकलते. मी ढसाढसा रडले. एल्मरला तर फारच आवडला (मासे न मिळणाऱ्या माणसाची कुणीतरी दखल घेतली म्हणून).

अडचण आहे ती आपल्या लोकांच्या भिडेची. दिवे लागले आणि मी मत विचारलं की सगळे बशीत बघत म्हणतात, "वेगळा होता." (आईच्या जेलीत घातलेल्या ट्यूना माशालाही गाव असंच "वेगळं" म्हणायचं.) त्यामुळे आपले पास्टर हॅलवर्सन यांची समजूत झाली की माझे माहितीपट कुणालाच नकोत. तळघर नाचाच्या वर्गाला द्यावं, असं त्यांच्या मनात. खात्री करायला गेल्या गुरुवारी ते स्वतः आले. हे माझ्याकडून गेलं तर हिवाळाभर मी करू काय? एल्मरच्या शेजारी बसून भोकात बघू?

मी माझा सर्वांत लाडका माहितीपट लावला. दोन म्हातारे भाऊ एकच तराफा चालवतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी थोरला न बोलता धाकट्याच्या कपात कॉफी ओततो, संपलं. कॅमेरेवाला त्या कॉफीसाठी तीन वर्षं थांबला होता! दिवे लागले. मी विचारलं. आपली शेजारीण व्हर्ना म्हणाली, "वेगळा होता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पास्टरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं, आणि मी समजले, आटोपलं.

मग सगळ्यांनी मांडीवर थाप मारून "चला, मग" म्हटलं, कोट चढवले आणि दारात उभे राहिले. आपल्याकडे खरं बोलणं तिथेच सुरू होतं, हे पास्टरांना कोण सांगणार? ते शिकागोचे.

"आधी थोरल्यानंच बोलायला हवं होतं," व्हर्ना टोपी घालता घालता म्हणाली.

"का म्हणून? तराफा धाकट्यानं आपटला होता!" एल्मर गरजला. (हो, आमचा एल्मर!)

झालं! एकानं थोरल्याची बाजू घेतली, दुसऱ्यानं धाकट्याची, तिसऱ्यानं कॉफीची. कुणी दार सोडेना, आणि पास्टर आतल्या बाजूला कोटात घामाघूम. तासाभरानं तेच ओरडले, "अहो, पण त्यांच्या आईची चूक कुणी बघतच नाही!" तळघर माझ्याकडे राहिलं.

वहिनीला नमस्कार.

तुझी लाडकी,
लोर्ना

ता. क. : मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की गॅरेजमधला तुझा प्रोजेक्टर कुठे गेला. तो सुखरूप आहे. गुरुवारी विशेष छान चालतो.

ता. क. २ : बर्फ वितळेपर्यंत तो इथेच राहू दे ना, दादा. हवं तर सरळ नाही म्हण. आपल्या गावात सरळ नाही कुणी म्हणत नाही, पण तू आता ॲरिझोनाचा झाला असशील तर तसं कळव, म्हणजे मी व्हर्नाला सांगते; बाकी गावाला ती सांगेल.