पातेल्यात परत टाकलेला भात

६ नोव्हेंबर, बुधवार

आज चिनात्सु माझ्या मागे येऊन उभी राहिली. जेवण सुरू व्हायच्या आधी ज्यांना कमी हवं ते वाडगा घेऊन पातेल्यापाशी जातात, थोडं परत टाकतात — मी शिकवते त्या दुसरीच्या वर्गाचा नेमच आहे. रोज पहिली मी असते. मी बाई, म्हणून मला मुलांपेक्षा जास्त वाढलेलं असतं, त्यामुळे कुणी काही विचारत नाही. चिनात्सुने जवळजवळ सगळा भात परत टाकला.

"अगं, पोट दुखतंय का?"

"नाही बाई. तुमच्याएवढाच ठेवला."

मी हसले. हसायला नको होतं!

८ नोव्हेंबर

पुन्हा तेच. आज सूपही. रागावले तिला — वाढत्या वयात असं करतात का? तिने माझ्या वाडग्याकडे पाहिलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर चिनात्सुची आई आली. वाकून वाकून माफी मागितली — माझी! "घरी रात्रीचं जेवतच नाही हो. म्हणते, नागुमो बाई किती छान दिसतात, मला मोठेपणी तसंच व्हायचंय. तुमचं ऐकते ती. तुम्हीच जरा सांगा ना."

सांगते म्हणाले. मग रिकाम्या वर्गात बसून राहिले. कॉलेजपासून हे चाललंय. माझं पोट, माझं मी बघेन, कुणाला काय त्रास — असंच धरून चालले होते. आता एवढ्याशा पोरीला त्रास आहे. स्वतःची किळस आली. आणि तरी, खरं ते लिहायचं तर, "छान दिसतात" ऐकून आतून बरंही वाटलं.

१२ नोव्हेंबर

रजा टाकावी का? आजारी आहे म्हणून. खोटं तर नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेच्या आरोग्यखोलीत गेले. ताकेबे बाई तिथे मुलांच्या खरचटलेल्या गुडघ्यांना मलम लावतात. मी दार लावून घेतलं तशा त्या हातातलं काम ठेवून बसल्या. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता मुख्याध्यापकांच्या कानावर जाणार, माझा वर्ग जाणार.

"मला वाटलंच होतं," म्हणाल्या.

मग विचारलं का नाही! चिडलेच मी.

"विचारलं असतं तर हसून निघून गेली असतीस." डॉक्टरांना फोन त्याच करणार, सोबतही येणार. "पण चिनात्सुसाठी म्हणून जेवू नकोस हं. तिच्या डोक्यावर ते ओझं नको. स्वतःसाठी जेव."

बोलायला काय जातं!

२० नोव्हेंबर, बुधवार

आज पातेल्यापाशी गेले नाही. भात, भाजलेला मासा, मुळ्याचं सूप — वाढलं तेवढं समोर. घास तोंडात नुसता फिरत राहिला. पाठ घामाने भिजली. "बाई, आज कमी नाही केलंत?" पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलंच. "नाही केलं." जेमतेम अर्धं संपलं. चिनात्सु सगळा वेळ बघत होती. तिने मात्र भात परत टाकला होता.

घरी येऊन रडले. पोट भरलं म्हणून रडायचं — लाज वाटते! पण खाल्लेलं पोटात राहू दिलं.

२५ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. चिनात्सुला जवळ बोलावून सांगितलं — मी कमी जेवायचे ते मला बरं नाही म्हणून. त्यात छान काही नाही. आता उपचार चाललेत.

"दुखतं का, बाई?"

"हो. जेवताना."

जरा विचार केला तिने. "मग रडायचं ना तेव्हाच. आम्ही कुणाला नाही सांगणार."

२९ नोव्हेंबर

डोळ्यांत पाणी आणून का होईना, संपवलं. भात परत टाकणाऱ्यांत चिनात्सु नव्हती. बोलायचं नाही, बघायचं नाही. नजर लागेल.

४ डिसेंबर, बुधवार

तळलेला पाव होता, वर साखर भुरभुरलेला. एक उरला. उरलेल्यासाठी पोरं दगड-कागद-कात्री खेळतात. चिनात्सु उठली. मीही उठले — का, कोण जाणे! "बाईपण?" सगळा वर्ग ओरडला. माझा दगड, तिचा कागद. पाव घेऊन पळाली कार्टी. मी जागेवर येऊन बसले आणि चक्क राग आला. मला हवा होता तो! भूक लागली होती मला.