विमानातला संडास

शनिवार, करजगी. दिवेलागणीला.

शिसारी आलीय, आणि ती माझीच. दुपारी घरूनच ऑफिसची मीटिंग केली. आमच्या मोठ्या विमानाची नवी आवृत्ती येतेय, तिच्यात सीटांची एक रांग जास्त बसवायची म्हणून संडास आणखी अरुंद केलेत. तो आराखडा माझा. बेंगळुरूचे साहेब म्हणाले, "सुंदर काम!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. स्वतःलाच!

तेव्हाच खिडकीबाहेर अप्पा गवंड्यावर ओरडायलेले. आई वॉकर धरून चालते, म्हणून घरातला संडास मोडून मोठा बांधायलेत. "जागा सोड बाबा. मानूस आत वळला पायजे!"

माणूस आत वळला पाहिजे. मीटिंगमध्ये हे कुणीच बोललं नाही. मी तरी कुठं बोलले?

चहाला बसल्यावर अप्पा गवंड्याला म्हणाले, "माझी पोरगी विमान बनवती." मग मला विचारलं, "तुमच्यात किती जागा ठेवतेत गं? तेवढीच ठेवू." गवंडी टेप उघडून माझ्या तोंडाकडं बघत उभा.

"तुम्ही म्हणता तेवढीच ठेवा, अप्पा."

आई दारातून म्हणाली, "एकदा ने की गं मला तुझ्या विमानात."

नेईन म्हणाले मी. आत ती वळणार कशी, ते काही बोलले नाही. थू.