गच्चीवरून काढून आणलेली दुर्बीण

सोमवारी दुपारी कॉलेजच्या गच्चीवर मी दुर्बिणीचा स्क्रू ढिला केला, तिथंच माझं सगळं फिरलं. म्हणून मी, अजिनाथ मल्हारराव शिंगाडे, वय एकवीस, मूळ देवगाव रंगारी, हल्ली मुकुंदवाडी, बी.एस्सी. अर्धवट सोडलेला, पूर्ण शुद्धीत व कोणी न सांगता हे मृत्युपत्र लिहितो. मरायचा विचार नाही. आईनं धसका घेऊ नये.

१. मोटरसायकल धाकट्या बहिणीला, अंबिकाला. शिकव म्हणत होती, मी खेकसलो होतो.

२. सूर्य पाहायची दुर्बीण, लाल गाळणीसह, कॉलेजात माझ्या वर्गात असलेल्या सुकेशनीला. दादांनी, म्हणजे वडिलांनी, कोकरं विकून ती मला घेऊन दिली. मी कॉलेज सोडलं तरी सुकेशनीचा प्रकल्प त्या दुर्बिणीवरच चालू होता. सूर्यावर उलट्या दिशेच्या चुंबकीय रेषा भिडून नव्यानं जुळतात, तेव्हा प्लाझ्माचा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या वायूचा, झोत उसळतो. पुष्कळदा तो त्याच वाटेनं खाली येतो. तो तसा येतो का, तेच तिला टिपायचं होतं. त्या सोमवारी सूर्याच्या कडेवर झोत चढलेला, तिच्या प्रकल्पातला जोडीदार इंद्रजीत तिच्या लॅपटॉपवर छत्री धरून उभा, आणि ती त्याच्या कशावर तरी हसली. दुर्बीण माझी आहे, मी म्हणालो. ती म्हणाली, "अजिनाथ, थांब जरा, तो उतरायला लागलाय." मी काढूनच घेतली. दुसऱ्या दिवशी लाज सोडून द्यायला गेलो, तर म्हणाली, "तू जिता हायेस तवर तुझ्या वस्तूला हात लावणार नाय." म्हणून हे कलम.

३. इंद्रजीतवरचा राग कोणाच्याच नावे करत नाही. त्यानं नुसती छत्री धरली होती.

साक्षीदार: धोंडिबा गायके, शेजारी. (सही)

दुसऱ्या साक्षीदार, घरमालकीण रत्नमालाकाकू, यांनी सहीआधी सगळं वाचलं आणि विचारलं, "तो सूर्यावरचा तुकडा परत कधी दिसंल?" मी सांगितलं, सूर्य फिरतो, तो भाग मागं गेलाय, टिकला तर पंधरवड्यानं दुसऱ्या कडेवर येईल.

"आन तू मरणार कधी?"

मी कागद परत ओढून घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

सबब कलम २ रद्द. दुर्बीण आजच कायमची इंद्रजीतच्या हाती देतो, म्हणजे ती माझी वस्तू राहत नाही; त्यानं ती गच्चीवर बसवावी. सुकेशनीनं माझ्याशी बोलावं अशी अट नाही. बाकी कलमं कायम.

साक्षीदार: रत्नमाला साळवे. (सही)

अजिनाथ म. शिंगाडे (सही)
मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
२१ नोव्हेंबर २०२५

कागद काकूंकडे दिला. दुर्बीण खांद्याला लावली आहे. बाहेर पडून दार ओढून घेतो.