येतानाचा थांबा

आई,

या उन्हाळ्यात धरणाचं पाणी इतकं खाली गेलं की तुझ्या शाळेचा रस्ता पुन्हा वर आला. फाट्यापासून उतरत जाणारा, कडेचं डांबर झडलेला, मधोमध चिखलाच्या भेगा पडलेला. थोडा पुढे जातो आणि पाण्यात शिरतो. दुधनीला बोटीत बसायला आलेली माणसं तिथे गाडी थांबवून फोटो काढतात. परवा एक जण बायकोला सांगत होता, "सरकारी काम आहे गं, अर्धवट सोडलंय." मला त्याला हाक मारून सांगावंसं वाटलं, की बाबा रे, रस्ता अगदी पुरा आहे, नुसता पाण्याखाली गेलाय. खाली वळणावर एक वडाचं झाड होतं, त्याच्या पुढे शाळा होती, आणि त्या शाळेत माझी आई शिकवायची. पण तू म्हणायचीस तसं, विचारल्याशिवाय सांगायला जाऊ नये. म्हणून पाण्याकडे बघत राहिले. पाणी अगदी निवांत होतं.

तुला ठाऊक आहे, मी सिल्वासातच राहिले, वाहतुकीच्या खात्यात लागले, आता निवृत्तीला टेकले आहे. शेवटच्या वर्षी साहेबांनी माझ्या गळ्यात एक काम घातलं. वापी स्टेशनवर उतरणारा पर्यटक थेट दुधनीच्या धक्क्यापर्यंत न्यायचा, आणि संध्याकाळी त्याच्या गाडीच्या वेळेला परत आणायचा. नव्या बस, बिनधुराच्या, काचा मोठ्या. पर्यटन वाढेल, गावं सुधारतील, असं सगळं. मला मनापासून आवडलं होतं ते. सकाळी राखोलीच्या पुलावरून जाताना नदीवर धुकं असतं, कारखान्यांच्या बस मसाटकडे वळून गेल्या की रस्ता एकदम मोकळा होतो, मग सागाची झाडं सुरू होतात. त्या मोठ्या काचांतून हे सगळं कुणीतरी परक्या गावचं माणूस बघतंय, असं मी डोळे उघडे ठेवून स्वप्न बघायचे. फायलीवर सही करता करता बघायचे.

नकाशा आखायला मुंबईहून एक मुलगा आला होता, सल्लागार. हुशार, गोड बोलणारा, सारखा लॅपटॉपला चिकटलेला. त्याने वापी, सिल्वासा, खानवेल, दुधनी असे चार ठिपके काढले आणि मधली सगळी गावं साफ पुसली. आणि खर्च वाचवायला आपली जुनी साधी बस बंद करून तिच्या फेऱ्या या नव्या गाडीत मिसळायचं ठरवलं. म्हणजे बघ, फाटा नकाशावर नसेल तर फाट्यावरच्या बायकांना खानवेलच्या बाजाराला जायला गाडीच नाही. मी म्हटलं, "अरे, इथे थांबा पाहिजे. वर आख्खी वस्ती आहे, बुडालेल्या गावातली माणसं तिथे वसवली आहेत." तो म्हणाला, "मॅडम, आम्ही तीनतीनदा मोजणीला माणसं उभी केली तिथे. डेटा झीरो आहे. एक पॅसेंजर चढत नाही, उतरत नाही. थांबून करायचं काय?" शून्याशी कोण भांडणार?

त्या रात्री नाही गं, दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाचा डबा पुढे ठेवून मी खिडकीशी बसले होते, आणि आपली सकाळची बस आठवली. आठवली म्हणजे काय, मी तिच्यात बसलेलीच आहे. तू आणि मी क्वार्टर्सच्या वळणावर उभ्या आहोत. गाडी डेपोतूनच भरून येते, दारापर्यंत माणसं. पण ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा रिकामी, आणि तिच्यावर एक टोपली. आदल्या दिवशी बाजार करून सिल्वासात नातेवाइकांकडे राहिलेल्या बायका परत निघालेल्या असतात, त्यांच्यातल्याच कुणाची तरी. कुणी नवखा माणूस टोपली उचलायला गेला की चार जणी एकदम म्हणतात, "नाय हा! बाई यायच्यात." मग तू चढतेस, टोपली उचलून स्वतःच्या पायांशी ठेवतेस, मला मांडीवर घेतेस, आणि फाटा येईपर्यंत टोपली सांडू नये म्हणून तिला पायाने धरून बसतेस. कुणी ठरवलं होतं हे? कुणीच नाही. इतरांचे रुमाल खिडकीतून पडायचे जागा धरायला, तुझी टोपली असायची. एवढं मात्र तू घ्यायचीस, त्याच्यापुढे काही नाही. एकदा त्यांच्यातल्या एकीने हौसेने तुझं तिकीट काढलं, तर तू भर गाडीत कडाडलीस, "माझं तिकीट कोणी काढायचं नाही. मला पगार मिळतो." ती बिचारी एवढीशी झाली. मला तर गाडीच्या फळीत शिरावंसं वाटलं. कोकणातून येताना तू बाकी सगळं विसरून आली असशील, पण हा ताठा नीट घडी घालून आणला होतास.

आणि येताना! येताना आपण चढून बसलो तरी गाडी फाट्यावर थांबायची ती थांबायचीच. खालच्या चढावरून कुणी भारा घेऊन येत असली तर ती वर येईपर्यंत ड्रायव्हर विडी पेटवून खाली उतरायचा. मी एकदा पाय आपटून म्हटलं, "किती वेळ! चला ना!" तू माझ्याकडे असं बघितलंस की मी खिडकीबाहेर बघायला लागले. "गाडी काय तुझ्या एकटीसाठी सोडलीय? ती चढ चढून येतेय. तू बसून आहेस." एवढंच. मग एक म्हातारी खिडकीखाली येऊन सागाच्या पानात भाजलेली रताळी द्यायची, आणि माझा राग रताळ्याबरोबर पोटात जायचा. अजून मला संध्याकाळी पाचच्या सुमारास तीच भूक लागते. सकाळी जाताना कधी लागलेली आठवत नाही. तू हसून म्हणायचीस, "जाताना सगळ्यांना पोचायचं असतं. येताना बघ कशी तोंडं उघडतात."

म्हणून एका रविवारी मी एकटीच जुन्या बसने फाट्यावर जाऊन उतरले. एक झोपडी, तिच्यापुढे चूल, नागलीच्या भाकरी, उडदाची डाळ, लसणाची चटणी. चुलीशी बसलेली बाई माझ्याच वयाची. मी भाकरी मागितली तर तिने भाकरी थापता थापता माझं तोंड निरखलं आणि म्हणाली, "बाईची पोर ना तू? मांडीवर बसायची ती?" आई, मी तिथेच चुलीशी मांडी घातली. ती रताळीवाल्या म्हातारीची नात निघाली. तुझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेली, पहिल्या बाकावरची. मी तिला विचारलं, "तुम्ही लोक बसने जात नाही का गं आता? आमची माणसं उभी राहिली, त्यांना कोणीच दिसलं नाही." ती म्हणाली, "ते पिवळ्या जाकिटवाले? हातात फळ्या घेऊन, गपचूप लिहीत होते ते? ते तुझे होते होय!" मी मान हलवली. ती म्हणाली, "मागल्या टायमाला असेच आले होते मोजायला, तवा गाव गेलं. परत मोजायला आले म्हटलं. आमी कोन फाट्यावर आलोच नाय. डोंगरावरून चालत पुढच्या गावाला जाऊन गाडी पकडली. पोरांना पन घराबाहेर सोडली नाय."

मला ते दिवस लख्ख दिसले. फीत घेऊन फिरणारी माणसं, शाळेच्या भिंतीवर चुन्याची पांढरी रेघ, इथपर्यंत पाणी येईल म्हणून. तू त्यांना माठातलं पाणी दिलंस, आणि ते गेल्यावर पोरांना त्याच भिंतीकडे पाठ करून बसवलंस. शेवटच्या दिवशी तू शाळेला कुलूप लावलंस. मी विचारलं, "पाण्याला कुलूप कशाला?" तू म्हणालीस, "सवय," आणि चढ चढायला लागलीस, माझा हात घट्ट धरून. इतक्या वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच फाट्यावर फळ्या घेऊन माणसं उभी केली, आणि कुणाला म्हणजे कुणाला हे सुचू नये! मलासुद्धा नाही. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. ती म्हणाली, "भाकर खा, गार होतेय." मी खाल्ली.

मीटिंगमध्ये मी जे बोलले ते तू ऐकायला हवं होतंस. एरवी मी गुळमुळीत, पण त्या दिवशी तुझाच आवाज माझ्या तोंडून निघाला. मी म्हटलं, गाडी गावावरून गेली म्हणजे गाव सुधारत नाही, गावाला फक्त हॉर्न ऐकू येतो. माणसं खाली उतरली पाहिजेत, चार घास खाल्ले पाहिजेत. जाताना फाट्यावर वस्तीची माणसं उतरवा आणि पुढे निघा, त्या वेळी पर्यटकाला बोट दिसत असते, तो थांबवल्यावर कुरकुर करणार. पण येताना दहा मिनिटं थांबा. येताना त्याला भूक लागलेली असते. आणि शून्य का आलं तेही सांगितलं. सल्लागार मुलाने लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, माझी आजीपण कोयनेच्या पाण्यातून उठून आली. मला हे कसं नाही कळलं?" मला तो एकदम आवडायला लागला. साहेब मात्र साहेबच, ते म्हणाले, "ठीक है, एक महिना चलाके देखो. फाट्यावरून तिकिटं निघाली तर थांबा ठेवू, नाही तर काढून टाकू." म्हणजे सगळं तिकिटांवर आलं. मी वस्तीत निरोप धाडला, की जाकिटवाले येणार नाहीत, नुसती गाडी येईल. पण निरोपावर कोण विश्वास ठेवतो, तोही सरकारी?

परवा पहिली फेरी झाली. मी दुधनीहून परतीच्या गाडीत बसले, ड्रायव्हरच्या मागे. बाजूची खिडकीची जागा रिकामी होती, आणि मला काय झालं कोण जाणे, मी पर्समधून रुमाल काढून त्या जागेवर टाकला. तुझ्याच रुमालांपैकी शेवटचा, निळ्या काठाचा. नोकरी लागली तेव्हा लोकांच्या मुलींना घड्याळं मिळाली, मला तू हाताने टीप घातलेले रुमाल दिलेस. मी दोन दिवस धुसफुसत होते. गाडी भरत गेली. कंडक्टर नंदुरबारकडचा तरणा पोरगा, तो अदबीने म्हणाला, "मॅडम, रुमाल उचला ना, सीट लागंल. कोनी येनार हाये का?" मी म्हटलं, "हो. बाई यायच्यात. पुढच्या थांब्यावर." तो बरं म्हणून पुढे गेला.

मग फाटा येईपर्यंत माझा जीव वर-खाली. बाहेर ऊन कलतंय, पाणी पिवळं झालंय, आणि त्या पिवळ्या पाण्यातून तुझा रस्ता निथळत वर येतोय असं दिसतं. वळण आलं. गाडी थांबली. कुणी नाही. चूल पेटलेली, पण माणूस नाही. कंडक्टर माझ्याकडे बघतोय, मी खाली मान घालून. तेवढ्यात चढावरून एक डोकं दिसलं, मग टोपली, मग आणखी डोकी. झाडामागे उभ्या राहून बघत होत्या गं त्या, जाकिटवाले आहेत का म्हणून! नाहीत म्हटल्यावर आल्या. पर्यटक उतरले, भाकरी कुणाला पुरेनात, दहा मिनिटांची वीस झाली, ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत राहिला आणि मी एका शब्दाने चला म्हटलं नाही. तुझी ती पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी चूल शेजारणीवर सोपवून उद्याच्या बाजाराची टोपली घेऊन चढली. माझ्यापाशी येऊन उभी राहिली. रुमालाकडे बघून म्हणाली, "कोनाची जागा?" मी म्हटलं, "बाईंची." ती हसली नाही. रुमाल उचलून तिने माझ्या हातात दिला, आणि आपली टोपली त्या जागेवर ठेवली. सिल्वासापर्यंत उभी राहिली. मीही तिला बस म्हटलं नाही.

थांबा राहील की नाही, ते महिन्यानंतर कळेल. हे पत्र ऑफिसात ठेवण्यासारखं नाही, घरी रुमालांच्या खणात ठेवीन, कारण एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. फाट्यावरून त्या दिवशी जेवढी माणसं चढली त्यापेक्षा एक तिकीट जास्त निघालं आहे. कंडक्टरने विचारलं, टोपलीच्या सीटचं काय, आणि मी फाटा ते सिल्वासा असं एक तिकीट मागून घेतलं. तुझं. "माझं तिकीट कोणी काढायचं नाही" म्हणायचीस ना? काढलं. आता रागवायचं असेल तर ये.