शेजारची सुरी

माय, तुला एक विचारायचं होतं. नव्या सुरीवर कैरीचा डाग पडला, की तू तो मुद्दाम राहू द्यायचीस, की तुला तो दिसतच नसे? तू जाऊन चाळीसेक वर्षं झाली, आणि इतक्या काळानं मुलगा विचारतो काय, तर हे. पण महिनाभर माझं डोकं याच गोष्टीत अडकलं आहे.

त्याचं असं झालं. घरात स्टीलच्या तीन सुऱ्या आहेत. तिन्ही चकचकीत, आणि तिन्हींनी टमाटर चिरण्याऐवजी चेंगरतं. पांढरकवड्याच्या बाजारात एक लोहार बसतो, ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यांतून सुऱ्या आणि विळे घडवतो. त्याच्याकडून मी एक सुरी आणली. पातं इतकं लख्ख, की त्यात माझा चष्मा दिसायचा. पहिल्याच दिवशी सुनेनं त्या सुरीनं कैरी चिरली, आणि जेवणं होईपर्यंत पात्यावर ढग उतरले. "फसवलं तुमाले त्यानं, मामाजी," सून म्हणाली. "वापस करा." मला वाटलं, घासून पाहू. तांब्याचा लोटा घासतात तशी मी सुरी चिंचेनं घासली, तर ती आणखीच काळी झाली.

पुढच्या बाजाराला सुरी कागदात गुंडाळून लोहाराकडे गेलो. त्यानं ती उलटीसुलटी पाहिली आणि हसायलाच लागला. "चिंचेनं घासली? वा गुरुजी! आंबट लागून काळी झाली म्हून अजून आंबट देल्लं तिले?"

"पण नवी आहे हो ती."

"नवी हाय म्हूनच त डाग दिसून राह्यले. वापरा. डागाले डाग भिडून सारं पातं एकसारखं होते. काळं आलं त राहू द्या, तांबडं आलं त पुसा. काळं हाय तोवर तांबडं लवकर येत नाई."

तेव्हापासून मी रोज सकाळी सुरी खिडकीशी नेऊन पाहतो. कांद्यानं निळसर झाक येते, मोराच्या मानेसारखी, आणि चार दिवसांत ती करडी होते. अंबाडीची भाजी चिरली, तर देठांच्या आडव्या रेघा उमटतात. वांग्याचा डाग तपकिरी, त्याला काठ असतो. जन्मभर मुलांना कविता चालीवर म्हणून दाखवल्या, ढगांची रूपं वर्णन करायला लावली, आणि एवढं सगळं आभाळ तुझ्या हातात रोज होतं ते मी पाहिलं नाही. तुझ्या सुरीवर मुठीशी एक लांबट डाग होता, पळसाच्या शेंगेसारखा. काय चिरलं होतंस गं त्या दिवशी?

तो डाग मला एवढा आठवतो, कारण त्याचीच मला लाज वाटली होती.

मला शाळेत मास्तर म्हणून लागून तीन महिने झाले आहेत. मोठे गुरुजी पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आले आहेत. तू चुलीपाशी बसून कांदा चिरते आहेस. तुझी सुरी तेव्हा नवीच, त्याच उन्हाळ्यात घेतलेली, पण लोणच्याच्या कैऱ्या चिरून काळी पडलेली. मोठे गुरुजी गमतीनं म्हणतात, "काय मास्तर, सुरीवर दौत सांडली काय?" आणि मी चटकन म्हणतो, "आपली नाही ती. शेजारची आहे, मागून आणली."

तुझा हात थांबला. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. "हो जी, शेजारचीच हाय," म्हणालीस, "आत्ता देऊन येतो." आणि खरोखरच उठलीस. कांदा अर्धा चिरलेला तसाच ठेवून, पदरानं पातं पुसत, कुंपणापलीकडे काकूंच्या घरी गेलीस आणि रिकाम्या हातानं परत आलीस. उरलेला कांदा तू मुठीनं फोडून वाढलास. गुरुजी म्हणाले, असाच कांदा गोड लागतो.

संध्याकाळी तू सुरी परत आणलीस. तिनंच भाजी चिरायला बसलीस. मला रागावून बोलली असतीस तर बरं झालं असतं. रोज भाकरीला बसलो की ती सुरी समोर दिसायची. आठवड्यानं ती दिसेनाशी झाली. तू सरपण उपसलंस, पिंप सरकवून पाहिलंस. मला विचारलंस, "बाबू, सुरी पाह्यली का रे?" मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "नाही." मग तुला वाटलं, तू नसताना काकू ती मागून घेऊन गेल्या असतील. तू साधंच विचारायला गेलीस, पण काकू भडकल्या. "एका सुरीसाठी मले चोर म्हनते काय व?" पुढे वर्षभर तुम्ही दोघी एका विहिरीवर पाणी भरत होतात आणि बोलत नव्हतात. तू दोन घागरी घेऊन एकटी यायचीस ते मी ओसरीवरून पाहायचो.

आईवरची कविता शिकवताना मी मधेच थांबून फळ्याकडे तोंड वळवायचो. मुलांना वाटे, गुरुजी फार हळवे आहेत. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

आज सुनेनं विचारलं, "मामाजी, आता घासू का हिले?" म्हटलं, राहू दे. तिनं पाणी निथळवून, ती कोरडी पुसून आडवी ठेवली. तूही अशीच ठेवायचीस, तांबडं येऊ नये म्हणून पुसून, पण काळं न घासता, हे तिच्याकडे पाहताना आठवलं. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. डाग दिसत होते, आणि तू ते राहू देत होतीस.

हे पत्र जाणार कुठे? सुरीच्या खाली घडी करून ठेवीन. पण लिहिलंच आहे तर एक लिहून टाकतो. सुरी हरवली नव्हती, माय. तू विहिरीवर गेली होतीस तेव्हा दारावर भंगारवाला आला होता. तिच्या बदल्यात त्यानं मला ओंजळभर फुटाणे दिले. त्या दिवशी तुला ते दिले, तर तू खाऊन म्हणालीस, "खमंग हायेत बाबू, कुठून आनले?" मी म्हणालो होतो, काकूंनी दिले.